एनिड ब्लायटन

एनिड मेरी ब्लायटन (११ ऑगस्ट, १८९७ – २८ नोव्हेंबर, १९६८) या इंग्लिश बालसाहित्यिका होत्या. त्यांच्या नावावर ७०० हून अधिक पुस्तके आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यावरचे ब्रिटिश बालपण म्हणून जे उन्हाळी सुट्टीचे चित्र अनेक वाचक मनात जपतात, ते बऱ्याच अंशी त्यांनी रंगवलेले आहे.

जीवन

ब्लायटन यांचा जन्म लंडनच्या ईस्ट डलिच भागात झाला. निसर्गाची आणि वाचनाची गोडी त्यांना वडिलांनी लावली. मात्र त्या तेरा वर्षांच्या होण्याच्या सुमारास वडील दुसऱ्या स्त्रीसाठी घर सोडून गेले. आईने ही गोष्ट शेजाऱ्यांपासून लपवून ठेवण्यास मुलांना शिकवले. पुढे इप्सविच येथे फ्रोबेल पद्धतीचे प्रशिक्षण घेऊन त्या शिक्षिका झाल्या. १९२२ मध्ये त्यांचे पहिले पुस्तक आले आणि १९२४ मध्ये ह्यू पोलॉक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना गिलियन आणि इमोजेन या दोन मुली झाल्या. १९३८ पासून हे कुटुंब बीकन्सफील्ड येथील ग्रीन हेजेस या घरात राहत असे.

युद्धकाळ आणि लेखन

'फेमस फाइव्ह' मालिकेचे पहिले पुस्तक १९४२ मध्ये निघाले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये मुलांच्या गोळ्या-चॉकलेटांवरही रेशन आले होते. लोणी, साखर, मांस आधीच मोजून मिळत होते आणि आठवड्याला जेमतेम एक अंडे वाट्याला येई. शहरांतील लाखो मुलांना बॉम्बच्या भीतीने खेड्यांत धाडण्यात आले होते. मालिकेतील मुले मात्र उकडलेली अंडी, हॅम, टोमॅटो आणि केक पोटभर खातात. युद्धाची सावली त्यांच्यावर पडत नाही. 'द ॲडव्हेंचरस फोर' (१९४१) सारख्या कथेत शत्रूच्या पाणबुड्या येतात, पण तो अपवाद होय. भुकेल्या बालवाचकांना ही वर्णने किती गोड लागली असतील, हे सांगणे नको. मांसावरील रेशन १९५४ मध्ये उठले, तोवर मालिकेची बरीच पुस्तके बाहेर आली होती.

१९४२ हेच ब्लायटन यांच्या घटस्फोटाचेही वर्ष. पुढील वर्षी त्यांनी केनेथ डॅरेल वॉटर्स या शल्यविशारदांशी विवाह केला. मुलींची वडिलांशी भेट त्यानंतर जवळजवळ संपली. स्वतःच्या बालपणी सोसलेला वियोग त्यांनी मुलींच्याही वाट्याला यावा, ही या चरित्रातील सर्वांत खटकणारी बाब आहे. इमोजेन यांनी १९८९ मध्ये लिहिलेल्या आठवणींत आईचे चित्र कठोर आहे. गिलियन यांच्या आठवणी मात्र प्रेमाच्या आहेत.

टीका आणि स्मृती

बीबीसीने अनेक वर्षे ब्लायटन यांचे साहित्य दूर ठेवले. वर्णभेद आणि वर्गीय अहंता यांबद्दल त्यांच्यावर होणारी टीका रास्त आहे. 'जिंजर बीअरची रेलचेल' या अर्थाचा, त्यांच्या नावावर खपणारा प्रसिद्ध वाक्प्रचार मात्र 'फेमस फाइव्ह'च्या एकाही पुस्तकात नाही. तो १९८२ च्या एका दूरचित्रवाणी विडंबनातून रूढ झाला.

अखेरच्या वर्षांत ब्लायटन यांची स्मृती क्षीण झाली होती. लंडनमधील हॅम्पस्टेड येथे त्यांचे निधन झाले. ग्रीन हेजेस १९७३ मध्ये पाडण्यात आले. बीकन्सफील्डमध्येच १९३० च्या दशकातील इंग्लंड जपणारे बेकन्स्कॉट हे लघुप्रतिकृतींचे गाव आहे. तेथे या घराची छोटी प्रतिकृती पाहावयास मिळते.