प्रज्ञासुंदरी देवी : ठाकूरवाडीच्या स्वयंपाकघराला शब्दरूप देणारी लेखिका

कोलकात्यातील जोडासांको येथील ठाकूर कुटुंबाचे नाव निघाले की साहित्य, संगीत, चित्रकला आणि ब्राह्मो समाजाची चळवळ यांचे स्मरण होते. त्याच वाड्यातील स्वयंपाकघराचे स्मरण मात्र क्वचितच होते. हे स्वयंपाकघर ज्यांच्यामुळे ग्रंथरूपाने टिकून राहिले, त्या प्रज्ञासुंदरी देवी या रवींद्रनाथ ठाकूर यांच्या पुतणी आणि आधुनिक असमिया साहित्याचे एक शिल्पकार लक्ष्मीनाथ बेजबरुआ यांच्या पत्नी होत. बंगाल आणि आसाममध्ये त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. मराठी वाचकांना मात्र त्यांचा परिचय अल्पच आहे.

प्रज्ञासुंदरी यांचे वडील हेमेंद्रनाथ हे महर्षी देवेंद्रनाथ यांचे तिसरे पुत्र. शरीरसौष्ठव, विज्ञान आणि शिस्त ही त्यांची तीन व्यसने होती असे म्हटल्यास वावगे ठरू नये. पदार्थविज्ञानासारखा विषय बंगाली भाषेत मांडण्याचा प्रयत्न त्यांनी त्या काळी केला. घरातील मुला-सुनांच्या अध्यापनाची जबाबदारीही त्यांनी स्वतःकडे घेतली होती. स्वतःच्या मुलींच्या शिक्षणाबाबत तर ते विलक्षण आग्रही होते. त्यांना लोरेटो हाउस या शाळेत पाठवण्यात आले आणि घरी त्यांच्यासाठी संगीताच्या शिक्षणाची व्यवस्था करण्यात आली. थोरली कन्या प्रतिभा हिने १८८१ साली रवींद्रनाथांच्या 'वाल्मीकि-प्रतिभा' या गीतिनाट्यात सरस्वतीची भूमिका केली, ही गोष्ट तत्कालीन समाजात खळबळ उडवणारी होती. अशा घरात प्रज्ञासुंदरी वाढल्या. १८८४ साली हेमेंद्रनाथ यांचे अवघ्या ४० व्या वर्षी निधन झाले. त्यानंतर मुलींच्या संगोपनाचा भार आई नृपमयी देवी यांच्यावर पडला.

सुशिक्षित स्त्री चुलीकडे पाठ फिरवते, तिला पुस्तक वाचता येते पण भात शिजवता येत नाही, असा आक्षेप त्या काळातील बंगालमध्ये सर्रास घेतला जात असे. प्रहसनांमधून आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या चित्रांमधून शिकलेल्या बायकांची टर उडवली जाई. महाराष्ट्रातही त्या सुमारास यापेक्षा वेगळी स्थिती नव्हती. या पार्श्वभूमीवर इंग्रजी शाळेत शिकलेल्या, देशातील सर्वांत पुढारलेल्या गणल्या जाणाऱ्या घराण्यातील एका मुलीने आपली विद्या स्वयंपाकघराच्या अभ्यासासाठी वापरावी, याला निश्चितच वेगळा अर्थ होता. वडिलांनी भौतिकशास्त्रासाठी जी चिकाटी दाखवली, तीच मुलीने फोडणीसाठी दाखवली.

११ मार्च १८९१ रोजी प्रज्ञासुंदरी यांचा विवाह लक्ष्मीनाथ बेजबरुआ यांच्याशी झाला. लक्ष्मीनाथ हे शिक्षणासाठी कोलकात्यात आलेले असमिया तरुण होते. १८८९ साली सुरू झालेल्या 'जोनाकी' या मासिकाच्या संस्थापकांपैकी ते एक होते. त्यांचे कुटुंब सनातनी वैष्णव ब्राह्मणांचे, तर ठाकूर कुटुंब ब्राह्मो. साहजिकच लक्ष्मीनाथांच्या घरी या विवाहाला तीव्र विरोध झाला. तरीही ते आपल्या निर्णयावर ठाम राहिले. त्यांनी हुंडाही नाकारला.

या संसाराला आणखी एक किनार होती. असमिया ही स्वतंत्र भाषा आहे की बंगालीची उपभाषा, हा वाद तेव्हा धगधगत होता. १८९८ साली रवींद्रनाथांनी या विषयावर लिहिलेल्या लेखाने लक्ष्मीनाथ अस्वस्थ झाले आणि त्यांनी आपल्या मातृभाषेची बाजू जोरकसपणे मांडली. पत्नीचे काका एका बाजूला आणि पती दुसऱ्या बाजूला, अशी ही परिस्थिती होती. असे वाद घराघरांत कडवटपणा आणतात. येथे तसे घडल्याचे दिसत नाही. प्रज्ञासुंदरी यांनी पुढे असमिया भाषेत 'रंधा-बढा' हे पाकविषयक पुस्तक लिहिले. भाषेचा प्रश्न त्यांनी त्यांच्या परीने असा सोडवला असावा.

१८९७ साली प्रज्ञासुंदरी यांच्या संपादकत्वाखाली 'पुण्य' हे मासिक सुरू झाले. साहित्य, विज्ञान, संगीत यांच्या जोडीला या मासिकात पाककृतींना नियमित स्थान होते. घरोघरी आजीकडून आईला आणि आईकडून लेकीसुनांना तोंडी मिळणारे ज्ञान छापील पानावर येऊ लागले. बंगालीत पाकशास्त्रावरील ग्रंथ त्याआधीही होते. 'पाकराजेश्वर' हा ग्रंथ १८३१ सालचा आहे, आणि १८८० च्या दशकात विप्रदास मुखोपाध्याय यांचे या विषयावरील लेखन लोकप्रिय झाले होते. परंतु हे ग्रंथ पुरुषांनी लिहिलेले होते. रोजच्या रोज चूल सांभाळणाऱ्या गृहिणीला काय अडते, हे त्यांना कितपत ठाऊक असणार, हा प्रश्नच आहे.

'पुण्य'मधील या लेखनातूनच १९०० च्या सुमारास 'आमिष ओ निरामिष आहार' या ग्रंथाचा पहिला खंड सिद्ध झाला. तो शाकाहारी पदार्थांना वाहिलेला होता. पुढील काळात मासे आणि मांस यांच्या पाककृतींची भर पडून त्याचा विस्तार झाला. मराठीत लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक १९१० साली आले. म्हणजे मुंबई आणि कोलकाता या दोन शहरांतील दोन स्त्रिया साधारण एकाच काळात एकाच कामाला लागलेल्या होत्या.

प्रज्ञासुंदरी यांच्या ग्रंथाचे वैशिष्ट्य केवळ पदार्थांच्या संख्येत नाही. स्वयंपाकघराची स्वच्छता, भांड्यांची निवड, भाज्यांची पारख, मसाल्यांची तयारी, नोकरांकडून काम करून घेण्याची रीत अशा असंख्य बाबींचा विचार त्यांनी केला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वयंपाकघरातील शब्दांचा कोशच त्यांनी वाचकांपुढे ठेवला. फोडणी तडतडण्याचा आवाज म्हणजे 'चुटपुट'. कच्चट वास म्हणजे 'हालसे'. डाळ शिजवण्याचे मडके म्हणजे 'तिजेल हांडी', तर भाताचे मोठे मडके म्हणजे 'तोलो हांडी'. भाजलेल्या पावाला त्यांनी 'रुटितोष' असे गोड बंगाली रूप दिले. हे शब्द बायकांच्या बोलण्यात होते, पण पुस्तकात त्यांना जागा नव्हती. मराठीतही 'खमंग', 'रटरटणे' किंवा 'आधण' यांसारखे शब्द ज्या ओघाने घरात बोलले जातात, त्या ओघाने ते लिहिले जात नाहीत. कच्चट वास जाईपर्यंत परतणे ही सूचना ऐकताना सोपी वाटते, परंतु त्या वासाला नाव असेल तरच ती परगावी राहणाऱ्या नवख्या मुलीपर्यंत अचूक पोहोचते.

भोजनसमारंभात पाहुण्यांना कोणते पदार्थ वाढले जाणार आहेत, याची यादी देण्याची पाश्चात्त्य पद्धत त्यांनी आपलीशी केली. मात्र परकीय शब्द न घेता तिला 'क्रमणी' हे नाव त्यांनी घडवले. ही क्रमणी सुंदर अक्षरात लिहून भिंतीवर लावावी, अशी त्यांची कल्पना होती. कोणत्या पदार्थानंतर कोणता पदार्थ यावा, याचे तारतम्य त्यात होते. बंगाली भोजनात आरंभी कडू, मध्ये डाळ, भाज्या, मासे, आणि शेवटी आंबट व गोड असा क्रम पाळला जातो. ताटात सर्व पदार्थ एकाच वेळी मांडण्याची आपली सवय लक्षात घेता मराठी वाचकाला या क्रमाचे महत्त्व एकदम जाणवणार नाही. बंगाली पंगतीत मात्र हा क्रम चुकणे म्हणजे जेवण चुकणे होय.

पदार्थांची नावे वाचूनही त्यांच्या कल्पकतेचा अंदाज येतो. मिरचीच्या पानांची चच्चडी, शिंगाड्याचा डालना, खजुराचा पुलाव, रसगुल्ल्याचा अंबल, बिटाची हिंगी, कांद्याची खीर अशी ही यादी लांबत जाते. मांसाची 'बोंबाई कारी' म्हणजे मुंबईच्या पद्धतीचा रस्साही त्यात आहे. ठाकूर कुटुंबाचा मुंबई इलाख्याशी जुना संबंध होता. प्रज्ञासुंदरी यांचे काका सत्येंद्रनाथ हे सनदी सेवेनिमित्त अनेक वर्षे या भागात होते आणि १८९७ साली सातारा येथे न्यायाधीश असताना निवृत्त झाले.

आपल्या माणसांची नावे पदार्थांना देणे ही त्यांची खास रीत होती. राजा राममोहन रॉय यांच्या नावाने 'राममोहन दोलमा पुलाव', पणजोबा द्वारकानाथ यांच्या नावाने 'द्वारकानाथ फिरनी-पुलाव'. १९११ साली रवींद्रनाथांनी वयाची ५० वर्षे पूर्ण केली, त्या निमित्ताने त्यांनी फुलकोबीची बर्फी तयार केली आणि तिला 'कविसंवर्धना' हे नाव दिले. चाखणाऱ्याला ती फुलकोबीची आहे हे ओळखता येत नसे, असे सांगितले जाते.

या नावांमध्ये एक नाव वेगळे आहे. लक्ष्मीनाथ आणि प्रज्ञासुंदरी यांची पहिली कन्या सुरभी लहानपणीच मृत्यू पावली. प्रज्ञासुंदरी यांनी आपल्या एका पायसाला, म्हणजे खिरीला, 'सुरभी' हे नाव दिले. राममोहन आणि द्वारकानाथ यांची स्मारके जागोजागी होती. या मुलीला तसे काहीही नव्हते. बंगालमध्ये बाळाच्या मुखी पहिले अन्न जाते ते पायसाचे, आणि पुढे दरवर्षी वाढदिवसालाही पायसच शिजते. ज्या मुलीचे वाढदिवस थांबले होते, तिच्या नावाने आईने हाच पदार्थ निवडला. सुरभी म्हणजे सुगंध, आणि सुरभी म्हणजे कामधेनूही; दुधाच्या पदार्थाला हे नाव शोभून दिसते. त्यामुळे ज्याला ही हकीकत ठाऊक नाही, त्या वाचकाला यात काही वेगळे जाणवणारही नाही. ग्रंथात शोकाचा उच्चार करण्याची ही रीत अत्यंत संयत म्हटली पाहिजे. अनोळखी घरांमधून, अनोळखी मुलांच्या वाढदिवसांना ते नाव उच्चारले जावे, एवढी व्यवस्था मात्र त्यामुळे झाली.

सुरभीनंतर या दांपत्याला अरुणा, रत्ना आणि दीपिका या तीन मुली झाल्या. लक्ष्मीनाथांनी स्वतः आजीच्या तोंडून ऐकल्या जाणाऱ्या असमिया लोककथा 'बुढी आइर साधु' या संग्रहात एकत्र केल्या. एकाच घरात पतीने आजीच्या गोष्टी आणि पत्नीने आजीच्या पाककृती लिहून ठेवल्या, हा योगायोग लक्षणीय आहे. लाकडाच्या व्यापाराच्या निमित्ताने लक्ष्मीनाथांचे वास्तव्य कोलकात्याबाहेर होऊ लागले आणि या कुटुंबाचा दीर्घ काळ ओडिशातील संबळपूर येथे गेला. बंगाली माहेर, असमिया सासर आणि ओडिशातील बिऱ्हाड असा हा प्रवास होता. थोरली अरुणा विवाहानंतर बडोदे येथे गेली. तिचे पती बडोदे संस्थानच्या सेवेत अधिकारी होते. २६ मार्च १९३८ रोजी लक्ष्मीनाथांचे डिब्रूगढ येथे, मुलीच्या घरी निधन झाले. प्रज्ञासुंदरी यांचे निधन १९५० साली झाले.

लोणची, मुरंबे यांसाठी त्यांनी 'जारक' नावाचे स्वतंत्र पुस्तकही लिहिले होते. मात्र कालांतराने त्यांचे ग्रंथ दुर्मीळ झाले. जुन्या घरांतील कपाटांत एखादी प्रत सापडे, तीही पाने सुटलेली आणि हळदीचे डाग पडलेली. १९९० च्या दशकात कोलकात्याच्या आनंद पब्लिशर्सने 'आमिष ओ निरामिष आहार'ची नवी आवृत्ती काढली आणि हा ग्रंथ पुन्हा सर्वांच्या हाती आला.

त्याच घराण्यातील आणखी एका वहीचा येथे उल्लेख करणे उचित ठरेल. सत्येंद्रनाथांच्या कन्या इंदिरा देवी चौधुराणी या स्वतः फारसा स्वयंपाक करीत नसत. परंतु कोठेही एखादा पदार्थ आवडला की त्याची कृती विचारून त्या वहीत टिपून ठेवीत. ती वही त्यांनी पूर्णिमा ठाकूर यांच्या स्वाधीन केली. पूर्णिमा यांनी त्यात आपल्या माहेरच्या आणि सासरच्या कृतींची भर घालून 'ठाकुरबाडीर रान्ना' हे पुस्तक सिद्ध केले. आज बंगाली घरांमध्ये ही दोन्ही पुस्तके अनेकदा शेजारी शेजारी ठेवलेली आढळतात.