चार्ल्स रेनी मॅकिंटॉश



माझे वडील सुतार आहेत. म्हणून गुरुजींनी मला मॅकिंटॉश यांच्याबद्दल लिहायला सांगितलं. ते इमारतींचे नकाशे काढायचे आणि आतल्या खुर्च्या, टेबलं, दिवेसुद्धा कसे असावेत ते स्वतःच ठरवायचे.

त्यांचा जन्म ७ जून १८६८ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात झाला. वडील पोलीस खात्यात होते. घरात अकरा भावंडं. त्यांचा एक पाय अधू होता, ते लंगडत चालत. तरी रानात हिंडून फुलापानांची चित्रं काढत. सोळाव्या वर्षी ते कामाला लागले आणि संध्याकाळी कलाशाळेत शिकू लागले. पुढे त्याच कलाशाळेच्या नव्या इमारतीचा नकाशा त्यांनी केला. १९०० साली मार्गारेट यांच्याशी लग्न झालं. त्याही चित्रकार होत्या. दोघं मिळून घरं सजवायचे.

त्यांनी चहाच्या दुकानासाठी साडेचार फूट उंच खुर्ची केली. चित्र बघून वडील म्हणाले की एवढी पाठ म्हणजे लाकूड वाया. मी सांगितलं, की अशा खुर्च्या टेबलाभोवती मांडल्या की बसणाऱ्यांना आडोसा होतो. मग वडिलांनी चित्र परत नीट पाहिलं.

मला मात्र त्यांची शाळा आवडली. ग्लासगोत स्कॉटलंड स्ट्रीटवर ती १९०६ साली पूर्ण झाली. तिच्या दोन्ही जिन्यांना उंचच उंच काचा आहेत, भरपूर उजेड येतो. अगदी लहान मुलांसाठी मधे वेगळं छोटं दार आहे. आता तिथे संग्रहालय आहे.

पुढे त्यांना काम मिळेना. १९१४ साली त्यांनी ग्लासगो सोडलं. शेवटी फ्रान्समध्ये राहून ते फक्त चित्रं काढत. १० डिसेंबर १९२८ रोजी लंडनला ते वारले. १९३३ साली मार्गारेटबाई गेल्या, तेव्हा घरातल्या सगळ्या वस्तूंची किंमत फक्त ८८ पौंड झाली. आज त्यांच्या खुर्च्या मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. कलाशाळा मात्र २०१४ आणि २०१८ साली आगीत जळाली. याचं मला वाईट वाटलं.

या भित्तिपत्रकाची चौकट माझ्या वडिलांनी केली आहे. पहिलीच्या मुलांना वाचता यावं म्हणून ती खाली ठोकायला मीच सांगितलं. पालकांनो, तुम्हाला थोडं वाकावं लागलं असेल. राग मानू नका.