मोझेस आजींची सुई आणि कुंचला

कठीण दिवसांत आपले मन आपण कसे सांभाळावे, हा प्रश्न व्याख्यानात जितका सोपा वाटतो तितका स्वयंपाकघरात वाटत नाही. घरात आजारपण असते, हाताशी पैसा नसतो, गेलेल्या माणसाची जागा रिकामी दिसत असते, आणि तरीही सकाळी चूल पेटवावीच लागते. अशा वेळी कोणी म्हणाले की, बाई, थोडे स्वतःकडे पाहा, एखादी कला जवळ करा, तर ते बोलणे आपल्याला चैनीचे वाटते. म्हणूनच यंदाच्या स्मरणिकेसाठी मी अशा एका बाईचे चरित्र निवडले आहे, जिच्या वाट्याला कष्ट आणि वियोग भरपूर आले, आणि चैन मुळीच आली नाही. तिचे नाव ॲना मेरी रॉबर्टसन मोझेस. साऱ्या अमेरिकेने तिला ‘ग्रँडमा मोझेस’, म्हणजे मोझेस आजी, या नावाने ओळखले.

हिचा जन्म 7 सप्टेंबर 1860 रोजी न्यूयॉर्क राज्यातील ग्रीनिच या खेडेगावी एका शेतकऱ्याच्या घरी झाला. भावंडे एकूण दहा. वडिलांना मुलांनी चित्रे काढलेली आवडत. ते एका पेनीला एक ताव याप्रमाणे पांढरा कागद आणून देत. खाऊपेक्षा तो पुष्कळ वेळ पुरतो, हा हिशोब त्यामागे होता! रंग विकत घेण्याची ऐपत नव्हती. मग द्राक्षांचा आणि रानफळांचा रस हाच रंग. पण हा खेळ फार दिवस चालला नाही. बारा वर्षांची होताच ॲना दुसऱ्यांच्या घरी कामाला राहिली. स्वयंपाक, धुणे, शिवण, आजाऱ्यांची शुश्रूषा यांत तिची पंधरा वर्षे गेली. एका घरी भिंतीवर छापील चित्रे लावलेली होती. ही मुलगी ती टक लावून पाहते, हे घरच्यांच्या ध्यानात आले, आणि त्यांनी तिला चित्रे काढण्याचे थोडे साहित्य आणून दिले. कामाला ठेवलेल्या मुलीच्या डोळ्यांकडे पाहणारी माणसे तेव्हाही थोडीच असतील.

1887 साली, सत्ताविसाव्या वर्षी, टॉमस मोझेस नावाच्या एका शेतमजुराशी तिचा विवाह झाला. नवराबायको कामाच्या शोधात दक्षिणेकडे निघाली आणि व्हर्जिनियातील स्टॉन्टन गावाजवळ, शेनन्डोआच्या खोऱ्यात, स्थिरावली. शेती दुसऱ्याची, राबणारे हात यांचे. ॲनाने स्वतःच्या शिलकीतून एक गाय घेतली आणि लोणी काढून विकण्यास आरंभ केला. पुढे बटाट्याचे वेफर तळून विकले. नवऱ्याने मिळवावे आणि आपण बसून खावे, हे तिच्या स्वभावातच नव्हते.

या खोऱ्यात तिला दहा मुले झाली. त्यांतली पाच तान्हेपणीच गेली. हे वाक्य लिहिताना एका ओळीत मावते. पण दहादा बाळंतपणाला बसायचे आणि त्यातल्या पाच वेळा रिकाम्या हातांनी उठायचे, याचा अर्थ आपल्यापैकी जुन्या पिढीतल्या बायकांना समजावून सांगावा लागत नाही. 1905 साली हे कुटुंब पुन्हा न्यूयॉर्क राज्यात, ईगल ब्रिज येथे राहावयास आले, तेव्हा पाच मुले सोबत होती, आणि पाच लहानग्यांची थडगी मागे त्या खोऱ्यात राहिली होती.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगते. या बाईंविषयी वृत्तपत्रांनी असे पसरविले की, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी एकाएकी कुंचला हाती घेतला आणि चमत्कार झाला. वाचावयास हे फार गोड लागते, परंतु ते पुरते खरे नाही. त्यांचे हात कलेवाचून कधी राहिलेच नव्हते. 1918 च्या सुमारास दिवाणखान्याच्या भिंतींना कागद चिकटवीत असता तो कमी पडला. शेकोटीपुढे उभी करायची फळी तशीच उघडी राहिली. या बाईंनी घरातलाच रंग घेऊन तीवर झाडे आणि तळे काढून टाकले. रजया शिवणे, बाहुल्यांना कपडे करणे, हे तर चालूच होते. दुःखाच्या दिवशी जो आधार हवा असतो, तो आदल्या दिवशी बाजारातून आणता येत नाही. तो घरात असावा लागतो, आणि यांच्या घरात तो होता.

1927 साली टॉमस हृदयविकाराने गेले. चाळीस वर्षांचा संसार संपला. शेत मुलाने सांभाळले. पाच वर्षांनी, 1932 मध्ये, आणखी एक घाव समोर उभा राहिला. ॲना नावाचीच त्यांची मुलगी व्हरमाँट राज्यातील बेनिंग्टन येथे क्षयाने अंथरुणाला खिळली. बाहत्तर वर्षांची आई तिच्या शुश्रूषेला आणि नातींना सांभाळायला गेली. या मुलीनेच आईला लोकरीच्या धाग्यांनी चित्र भरावयास सुचविले. दुखणेकऱ्याजवळ बसून काढलेले तास किती लांब असतात! औषधाची वेळ व्हायची असते, डोळा लागलेला असतो म्हणून हलता येत नाही, आणि मन मात्र नको तिथे धावत असते. अशा तासांना सुईने बांधून ठेवता येते. आजींनी लोकरीत टेकड्या भरल्या, घरे भरली, पूल भरले. मुलगी वाचली नाही. लोकरीच्या चित्रांनी क्षय बरा होत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. पण घरी परतल्यावर त्यांनी सुई ठेवून दिली नाही.

येथे थोडे विषयांतर करते. दुःखाने जिची झोप उडाली आहे, अन्न नकोसे झाले आहे, जगणेच जड झाले आहे, अशा भगिनीला नुसते भरतकाम कर म्हणून सांगणे हा निर्दयपणा आहे. तिला डॉक्टरांकडे नेले पाहिजे, आणि रोज तिच्याजवळ कोणी तरी बसले पाहिजे. छंद हे औषध नव्हे. पण औषध घेणाऱ्यालाही दिवस काढावा लागतो, आणि तो दिवस काढण्याची युक्ती मोझेस आजींना साधली होती, एवढेच माझे म्हणणे.

पुढे ती सुईही हातातून सुटू लागली. संधिवाताने बोटे आखडली, बारीक टाका धरवेना. येथे पुष्कळ जणी थांबतात. आता काय उरले, असे म्हणून खिडकीशी बसतात. आजींच्या बहिणीने, सेलेस्टियाने, सुचविले की, सुई धरवत नसेल तर कुंचला धरून पाहा. तो सोपा जाईल. आजींनी ऐकले. उजवा हात दुखू लागला की डाव्या हाताने रंगवायचे. शरीराशी भांडायचे नाही आणि त्याचे रडगाणेही गायचे नाही, हत्यार बदलायचे. त्यांच्या साऱ्या चरित्रात मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

त्यांची कामाची रीत अगदी गृहिणीची होती. दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या पातळ फळीला आधी तेल लावायचे, मग पांढऱ्या रंगाचे तीन हात द्यायचे. चित्र वरून खाली उतरायचे: पहिल्याने आकाश, मग डोंगर, मग टेकड्या, झाडे, घरे, गुरे, आणि सर्वांत शेवटी माणसे. एका वेळी तीन-चार फळ्या मांडून बसायच्या, म्हणजे आकाशाचा निळा रंग कालवला की तो सगळ्या आकाशांना लागे आणि वाया जात नसे. पोळ्यांची कणीक एकदम भिजवणाऱ्या बाईला ही काटकसर लगेच उमगेल. मासिकांतली आणि भेटकार्डांतली चित्रे कापून त्यांनी एका पेटीत साठविली होती. घोडा कसा उभा असतो, पोर कसे धावते, हे त्यावरून बेतायचे. बाकी सर्व आठवणीतून.

ही चित्रे आजींनी गावच्या जत्रेतल्या प्रदर्शनात मांडली, सोबत आपल्या हातचा जॅम आणि बरणीतली फळेही ठेवली. बक्षीस मिळाले ते जॅमला आणि फळांना! चित्रांकडे कोणी पाहिले नाही. पुढे काही चित्रे हूसिक फॉल्स गावातल्या एका औषधांच्या दुकानात, बायकांच्या हस्तकलेच्या वस्तूंबरोबर, धूळ खात पडली होती. 1938 साली लुई कॅल्डॉर नावाचे एक संग्राहक त्या वाटेने जात असता त्यांच्या ती दृष्टीस पडली. तीन ते पाच डॉलरप्रमाणे त्यांनी ती सारी विकत घेतली आणि आजींचे घर शोधून काढले. आजी घरी नव्हत्या. सुनेने ठोकून दिले की, आणखी दहा चित्रे आहेत, उद्या या. रात्री आजी मोजू लागल्या तर भरली नऊच. सकाळी त्यांनी एक मोठे चित्र मधोमध कापले, दोन्ही तुकडे चौकटीत बसविले, आणि सुनेचा शब्द राखला.

1939 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्यांची तीन चित्रे लागली. 1940 च्या ऑक्टोबरात ऑटो कॅलिर यांनी त्यांच्या एकट्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरविले. हे कॅलिर स्वतः नाझींच्या भयाने व्हिएन्ना सोडून आलेले गृहस्थ. घर हरवलेल्या माणसाला या घरांच्या चित्रांत काय दिसले असेल, याची कल्पना आपणच करावी. त्यानंतर गिंबेल यांच्या मोठ्या दुकानात चित्रे मांडली, तेव्हा आजींना बोलण्यासाठी बोलाविले. त्या आपल्या हातचा पाव आणि जॅम घेऊन गेल्या आणि श्रोत्यांना मुरंब्याच्या गोष्टी सांगून आल्या. चित्रकलेविषयी फारसे बोलल्या नाहीत. 1949 साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी वॉशिंग्टन येथे त्यांचा सत्कार केला आणि चहाच्या वेळी त्यांना पियानो वाजवून दाखविला. आपण चित्रे काढली नसती तर कोंबड्या पाळल्या असत्या, असे आजी मात्र सांगत राहिल्या.

त्यांच्या चित्रांत आहे तरी काय? मेपल झाडांचा रस कढवून साखर करण्याची गडबड, जणू आपले गुऱ्हाळच. बर्फातून जाणाऱ्या घसरगाड्या. आणि एका मोठ्या रजईभोवती जमलेल्या शेजारणी. हे रजईचे चित्र 1950 मधले. गोधडीला टाके घालत सुखदुःख बोलणाऱ्या आपल्या बायकांना ते परके वाटणार नाही. काही टीकाकार म्हणाले की, ही दिनदर्शिकेवरची गोडगोड चित्रे आहेत. मला हे पटत नाही. 1948 च्या एका चित्रात वादळ चढून आले आहे आणि शेतातली माणसे धावत सुटली आहेत. 1951 च्या दुसऱ्या एकात वारा सुटताच बायका दोरीवरचे कपडे ओढून काढीत आहेत. वादळ त्यांनी लपविले नाही. फक्त वादळातही कपडे काढायचे असतात, हे त्या विसरल्या नाहीत.

7 सप्टेंबर 1960 रोजी त्यांना शंभर वर्षे पूर्ण झाली. न्यूयॉर्क राज्याने तो दिवस त्यांच्या नावाने साजरा केला. त्यानंतरही त्यांचे काम चालूच राहिले. एकूण चित्रांची संख्या दीड हजाराच्या वर गेली. 1961 मध्ये प्रकृती ढासळली आणि त्यांना हूसिक फॉल्सच्या शुश्रूषागृहात हलवावे लागले. तेथेच 13 डिसेंबर 1961 रोजी, एकशे एक वर्षांच्या असता, त्या निवर्तल्या. त्या वर्षी पुऱ्या केलेल्या त्यांच्या अखेरच्या चित्राचे नाव ‘इंद्रधनुष्य’ असे आहे.