पियेर ल रुआ द बुआसोमारिये

बॅरन पियेर ल रुआ द बुआसोमारिये (१८९० – १९६७) हे फ्रान्समधील द्राक्षबागायतदार, कायदेतज्ज्ञ व वाइन उत्पादकांचे नेते होते. दक्षिण ऱ्होन खोऱ्यातील शातोनफ-द्यु-पाप या गावाच्या मिश्र लाल वाइनसाठी त्यांनी आखलेले नियम फ्रान्सच्या नियंत्रित उत्पत्तिनाम पद्धतीचा एक प्रमुख आधार ठरले.

पार्श्वभूमी

ल रुआ यांनी कायद्याचे शिक्षण घेतले होते. पहिल्या महायुद्धात ते लढाऊ वैमानिक होते. युद्धानंतर १९१९ मध्ये त्यांचा विवाह शातोनफ येथील शातो फोर्तिया या द्राक्षमळ्याच्या वारसदार कन्येशी झाला आणि ते या गावात स्थायिक झाले.

चौदाव्या शतकात आविन्यों येथे वास्तव्य असलेल्या पोपांनी शातोनफमध्ये किल्ला बांधला होता. गावाच्या नावातील 'पाप' म्हणजे पोप. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने येथील मळे उद्ध्वस्त केले. पुढे लागवड पुन्हा उभी राहिली, तरी बरीचशी वाइन पिंपांतून बाहेर जाई व इतर प्रदेशांतील हलक्या वाइनला जोर आणण्यासाठी वापरली जाई. दुसरीकडे, बाहेरची वाइन शातोनफच्या नावाने विकली जात असे. त्यामुळे खऱ्या उत्पादकांना योग्य भाव मिळणे कठीण झाले होते.

१९२३ ची नियमावली

१९२३ मध्ये गावातील उत्पादकांनी नावाच्या रक्षणासाठी ल रुआ यांचे साहाय्य मागितले. उत्पादकांनी प्रथम स्वतःवर कडक शिस्त लादून घ्यावी, या अटीवर त्यांनी नेतृत्व स्वीकारले. त्याच वर्षी उत्पादकांचा संघ स्थापन झाला. त्याच्या प्रमुख अटी अशा होत्या :

• लॅव्हेंडर व थाइम या दोन्ही वनस्पती जेथे उगवतात, अशा रुक्ष जमिनीतच लागवड करावी.
• ठरावीक वाणांचीच द्राक्षे वापरावीत व छाटणीचे नियम पाळावेत.
• वाइनमध्ये किमान १२.५ टक्के मद्यार्क असावा.
• तोडणीच्या वेळी निवड करून किमान ५ टक्के द्राक्षे बाजूला काढावीत.
• या नावाने गुलाबी वाइन विकू नये.

प्रदेश आणि मिश्रण

या अटींमागे प्रदेशाचे स्वरूप होते. येथील अनेक मळ्यांत गोल गोट्यांचा थर असून ते दिवसा तापतात व रात्री उष्णता सोडतात. अन्यत्र वाळू व चुनखडीची जमीन आढळते. मिस्त्राल हा उत्तरेकडील जोरदार वारा वेली कोरड्या ठेवतो व बुरशीला आळा घालतो. अशा हवामानात ग्रेनाश हा मुख्य वाण भरपूर साखर धरतो. परंतु त्याचा रंग फिका असतो आणि फुलोऱ्याच्या काळात फळधारणा बिघडल्यास उत्पन्न घटते. सिरामुळे मिश्रणाला गडद रंग मिळतो, उशिरा पिकणाऱ्या मूर्वेद्रमुळे टॅनिन व टिकाऊपणा येतो, तर सँसोमुळे मृदुता येते. पुढे १९३६ च्या नियमांत १३ वाण मान्य झाले. त्यांत काही पांढरेही आहेत. वाणांचे प्रमाण मात्र उत्पादकावर सोपवलेले आहे.

न्यायालयीन लढा व राष्ट्रीय कार्य

१९१९ च्या कायद्यानुसार उत्पत्तिनामाची हद्द न्यायालयाकडून ठरवून घेता येत असे. संघाने या मार्गाने दीर्घ लढा दिला. ऑरांज येथील न्यायालयाने १९२९ मध्ये संघाच्या बाजूने निकाल दिला व १९३३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

१९३५ मध्ये उत्पत्तिनामांसाठी राष्ट्रीय समिती स्थापन झाली. तिच्या उभारणीत सिनेटर जोझेफ काप्यु यांच्यासोबत ल रुआ यांचा महत्त्वाचा वाटा होता. १९३६ मध्ये शातोनफ-द्यु-पापला पहिल्या काही नियंत्रित उत्पत्तिनामांत स्थान मिळाले. समितीचे रूपांतर झालेल्या राष्ट्रीय संस्थेचे ते १९४७ पासून १९६७ पर्यंत अध्यक्ष होते.

वारसा

भौगोलिक हद्द, वाण, लागवडीची पद्धत व किमान गुणवत्ता यांची सांगड घालणारी ही चौकट पुढे फ्रान्समधील अनेक प्रदेशांना लागू झाली. शातोनफमध्ये द्राक्षांची तोडणी आजही हातानेच करावी लागते.