वर्षभरासाठी गेलेले सोलापूरचे डॉ. कोटणीस

सीमाभागाला लागूनच असलेल्या सोलापुरात १९१० साली द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म झाला. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. दवाखाना थाटायचा सरळ रस्ता समोर होता. पण १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात तेही निघाले. नागपूरचे डॉ. चोळकर सोबत होते. काम साधारण वर्षभराचं.

चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली. कोटणीस परतले नाहीत. पुढे काही सहकारी मायदेशी आले, तरी हे उत्तर चीनच्या डोंगराळ भागात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले. चिनी भाषा तर अशी शिकले, की तिथल्या पोरांना वैद्यकीचे धडे त्याच भाषेत देऊ लागले. १९४१ मध्ये बेथून शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

बाळ काही महिन्यांचं असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्मारानं त्यांचा बळी घेतला. वय अवघं ३२.

आज शाळा-कॉलेजची मुलं सेवेसाठी परदेशी जातात, आठ-पंधरा दिवसांत परततात. जावंच. पण चार दिवसांसाठी का होईना, निघण्याआधी तिथल्या माणसांची भाषा थोडी तरी शिकावी. कोटणीस तिथले झाले, ते त्यामुळेच.