ल्यू तिएनह्वा : दोन तारांचा उपासक

गाण्याबजावण्यास आपल्या समाजांत प्रतिष्ठा नव्हती, त्या काळीं पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं सन १९०१ मध्यें लाहोर येथें व १९०८ मध्यें मुंबईस गांधर्व महाविद्यालय काढून संगीतास मानाचें स्थान मिळवून दिलें, हें आपणांस ठाऊक आहेच. चीन देशांत असेंच कार्य करणारे गृहस्थ म्हणजे ल्यू तिएनह्वा होत.

त्यांचा जन्म सन १८९५ मध्यें ज्यांगसू प्रांतांतील ज्यांगयिन गांवीं झाला. वडील शिक्षक होते. थोरले बंधु बाननुंग पुढें कवि म्हणून गाजले. तिएनह्वांस शाळेच्या बँडमध्यें वाद्यांची गोडी लागली. १९१२ मध्यें ते शांघाय येथें एका नाटकगृहाच्या वाद्यवृंदांत शिरले व पाश्चात्य वाद्यें शिकले. दोन वर्षांनीं तें पथक मोडलें. १९१५ मध्यें पितृछत्र हरपलें, नोकरी सुटली आणि प्रकृतीहि ढासळली.

या विपत्तींत त्यांनीं अर्हू हें वाद्य हातीं धरलें. यास दोनच तारा असतात. तुंब्यावर अजगराचें कातडें मढविलेलें असतें, व गजाचे केस त्या दोन तारांच्या मधून फिरतात. अर्हू म्हणजे तमासगीरांचें व भिकाऱ्यांचें वाद्य, अशी लोकांची समजूत. तिएनह्वांनीं मात्र आजारपणांतच आपली पहिली रचना करावयास घेतली आणि १९१७ मध्यें जो शाओमेई या वादकाजवळ रीतसर शिक्षण घेतलें.

१९२२ मध्यें पेकिंग विद्यापीठांत ते संगीताचे अध्यापक झाले. अध्यापक झाल्यावरहि त्यांनीं विद्यार्थिदशा सोडली नाहीं. एका रशियन गुरूपाशीं ते व्हायोलिन शिकले व त्यांतील बोटांची व गजाची कांहीं कौशल्यें अर्हूवर आणलीं. या वाद्यासाठीं त्यांनीं दहा स्वतंत्र रचना व ४७ अभ्यासपाठ लिहिले. १९२७ मध्यें स्नेह्यांसह राष्ट्रीय संगीताच्या सुधारणेसाठीं मंडळ स्थापून मासिकहि चालविलें. विख्यात नट मेई लानफांग १९३० मध्यें अमेरिकेस निघाले, तेव्हां त्यांच्या गाण्यांचें स्वरलेखन तिएनह्वांनींच करून दिलें.

लोकसंगीताचा संग्रह करण्यासाठीं ते पेकिंगच्या थ्येनछ्याव बाजारांत घंटा-नगारे वाजविणाऱ्यांकडे जात. तेथेंच त्यांस लोहितांग ज्वराची बाधा झाली व ८ जून १९३२ रोजीं, अवघ्या ३७ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.

आज चिनी वाद्यवृंदांत व्हायोलिनच्या जागीं अर्हूंची रांग बसते. सिंगापूर, मलेशिया इत्यादि ठिकाणीं विद्यार्थी, दुकानदार व पेन्शनर संध्याकाळीं एकत्र जमून अशा वृंदांत वाजवितात. आपल्या घाटकोपर-मुलुंडकडे कामावरून परतलेले लोक टाळ-मृदंग घेऊन भजनास बसतात, तसेंच तें.

विद्यार्थिमित्रहो, परक्यांची विद्या शिकावयास तिएनह्वांस कमीपणा वाटला नाहीं आणि ती शिकल्यावर घरच्या वाद्याची त्यांस लाज वाटली नाहीं. इंग्रजी विद्या घेणाऱ्या आपणांस या दोन्ही गोष्टी एकदम साधणें कठीण जातें. प्रभु येशूच्या दृष्टांतांतील एका चाकरानें धन्याचें द्रव्य भूमींत पुरून ठेविलें. तिएनह्वांजवळ तर दोन ताराच होत्या, पण त्या त्यांनीं पुरून ठेविल्या नाहींत. आपल्या घरांतील मूल पेटी किंवा तबला घेऊन बसलें, तर पालकांनींहि याचें स्मरण ठेवावें.