गोरोबाकाकांचा आवा

पवनी हे माझे आजोळ. वैनगंगेच्या काठचे हे गाव देवळांसाठी आणि जुन्या किल्ल्यासाठी ओळखले जाते. माझ्यापुरते ते एका जड चाकासाठी ओळखीचे आहे. माझ्या आईचे वडील, ज्यांना आम्ही आबाजी म्हणतो, कुंभारकाम करतात. ही गोष्ट दोन वर्षे मी वसतिगृहात कोणालाही सांगितली नव्हती. वडील शिक्षक आहेत एवढे सांगून मी मोकळा होत असे. वार्षिकांकासाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहा, असे सरांनी सुचवले तेव्हाही मी आधी दुसरीच दोनतीन नावे काढली होती. मग वाटले, आबाजींच्या पडवीत धुराने काळवंडलेली जी तसबीर मी लहानपणापासून पाहत आलो, त्या माणसाबद्दलच का लिहू नये? ती तसबीर संत गोरा कुंभारांची.

गोरोबांचे गाव तेर. आजच्या धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी. परंपरा त्यांचा जन्म १२६७ सालचा मानते आणि समाधी १३१७ सालची, चैत्र वद्य त्रयोदशीची. सर्व संत त्यांना काका म्हणत, म्हणून माझ्या डोळ्यांसमोर नेहमी पांढऱ्या दाढीचे एक म्हातारे गृहस्थ येत. पण या सनांचा हिशेब मांडला तर गंमत वाटते. नामदेवांचा जन्म १२७० चा, म्हणजे काका त्यांच्याहून अवघे तीन वर्षांनी मोठे! ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली तेव्हा काका एकोणतिशीचे होते. तेव्हा हे काकापण वयाने आलेले नसावे. चिखल तुडवणाऱ्या, संसाराचे चटके खाल्लेल्या माणसाला मंडळींनी दिलेला तो मान असावा.

तेर हे काही साधे खेडे नव्हते. सातवाहनांच्या काळात तगर या नावाने ते व्यापारी नगर होते आणि तिथला माल बैलगाड्यांनी भडोचच्या बंदराकडे जाई. तिथले त्रिविक्रमाचे देऊळ विटांचे आहे, आणि गावातल्या संग्रहालयात मातीच्या सुंदर बाहुल्या मांडल्या आहेत. म्हणजे गोरोबांच्या हजार वर्षे आधीही त्या मातीत कसबी हात वावरत होते. आमच्या पवनीलाही १९६९-७० साली जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झाले आणि विटांचा प्राचीन स्तूप सापडला. तो बांधवणाऱ्यांची नावे अभ्यासक शोधतात. विटा भाजणाऱ्यांची नावे कोण शोधणार? असो.

गोरोबांच्या आयुष्यातला जो प्रसंग सर्वांना ठाऊक आहे तो मला लिहायला जड जातो. पत्नी संती पाण्याला गेली. रांगते मूल तिने नवऱ्यावर सोपवले. गोरोबा चिखल तुडवत होते, तोंडी विठ्ठलाचे नाम होते, आणि मूल पायाखाली आले. माझी आजी ही कथा सांगताना इथे गप्प होई आणि उठून चुलीकडे जाई. पुढचा भाग आम्हांला आबाजींकडून ऐकावा लागे.

संतीने आक्रोश केला, नको ते बोलली. गोरोबा तिला मारायला धावले. तिने विठोबाची आण घातली, की मला शिवायचे नाही. त्यांनी ती अक्षरशः पाळली. वंश बुडेल म्हणून संतीने स्वतःच आपली बहीण रामी सवत म्हणून घरात आणली. पण सासऱ्यांनी दोघी मुलींना सारखे वागवा असे बजावले, म्हणून गोरोबांनी तिलाही स्पर्श केला नाही. शेवटी एका रात्री दोघींनी झोपलेल्या गोरोबांचे हात आपल्या अंगावर ठेवले. जागे होताच त्यांनी, आण मोडली म्हणून, ते हात तोडून टाकले.

ताहराबादच्या महिपतींनी १७६२ साली पुऱ्या केलेल्या ‘भक्तविजया’त ही कथा विस्ताराने आहे. कीर्तनांतून ती घरोघर गेली. अशोकजी परांजपे यांनी तिच्यावर संगीत नाटक लिहिले. कन्नडमध्ये १९७४ साली ‘भक्त कुंबार’ हा चित्रपट निघाला. सगळीकडे कौतुक गोरोबांच्या निष्ठेचे होते. मला मात्र वाटते की या कथेत संतीवर अन्याय झाला आहे. मूल तिचे गेले, घर तिने सावरले, सवतही तिनेच आणली, आणि तसबिरीत ती कोपऱ्यात घागर घेऊन उभी. हे मी आबाजींना एकदा बोलून दाखवले. ते रागावले नाहीत. आजीही असेच म्हणायची, एवढेच त्यांनी सांगितले.

हात गेलेल्या कुंभाराचे पुढे काय होते? कथा म्हणते, विठ्ठल स्वतः रंगा कुंभार होऊन तेरला आला. रुक्मिणी त्याची बायको झाली, गरुडाने गाढवाचे रूप घेतले. तिघांनी माती आणली, चाक फिरवले, आवा लावला आणि गोरोबांचा संसार चालवला. पुढे पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात गोरोबांना हात परत मिळाले, मूलही रांगत आले. त्या चमत्काराबद्दल ज्याचा त्याचा भाव. माझे मन अडकते ते आधीच्या त्या महिन्यांवर, जेव्हा दुसऱ्याच कोणाचे तरी हात गोरोबांच्या चाकावर होते.

कारण तसे मी पाहिले आहे. माझ्या मामाजींचा उजवा हात एका पावसाळ्यात मोडला, पोळ्याला तीन आठवडे उरले असताना. पोळ्याच्या मातीच्या बैलांवर आणि उन्हाळ्यातल्या माठांवर त्या घराचे वर्ष निघते. आबाजींच्याने एकट्याने ते होणे नव्हते. कुंभारपुऱ्यातली माणसे बाजारात एकमेकांची गिऱ्हाइके ओढतात, जागेवरून भांडतात. त्याच माणसांनी मामाजींच्या वाट्याचे बैल आपापल्या पडवीत केले. पावसात आवा लावणे सोपे नसते. तणीस आणि धानाचा कोंडा कोरडा मिळाला पाहिजे. वर पत्रे धरावे लागतात. तेही त्यांनीच केले. मी कॉलेजातून आलो होतो. मला एक बैल धड करता येईना. शिंग लावले की मान पडे. मग मला वही दिली आणि कोणाकडून किती नग आले त्याचा हिशेब लिहायला बसवले. पैसे चुकते करताना कोणी आभार मानले नाहीत, कोणी अपेक्षाही केली नाही. पोळा झाल्यावर जागेवरून भांडण पूर्ववत सुरू झाले.

गोरोबांच्या घरी संतमेळा जमला त्याची गोष्ट तर प्रत्येक मराठी मुलाला माहीत आहे. ज्ञानदेव, त्यांची भावंडे, नामदेव, सगळे आलेले. मुक्ताबाईने थापटणे पाहून हे काय म्हणून विचारले. मडके कच्चे की पक्के हे याने कळते असे काकांनी सांगितल्यावर, आमचीही परीक्षा करा, असा तिने आग्रह धरला. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सगळे शांत राहिले, नामदेव चिडले. काकांनी निवाडा दिला, हे मडके कच्चे. नामदेव रुसून पंढरपूरला गेले, आणि विठ्ठलाने त्यांना विसोबा खेचरांकडे धाडले.

या गोष्टीत मला एक शंका होती. थापटण्याने आबाजी परीक्षा कधीच करत नाहीत. ओल्या मडक्याला आतून दगडी गोळ्याचा आधार देऊन बाहेरून थापटण्याने ठोकतात. त्याने भिंत पातळ होते, घट्ट होते, पोट गोल होते. भाजलेले मडके बोटाच्या पेराने वाजवतात. मी विचारले तेव्हा आबाजी हसले. त्यांचे म्हणणे असे, की काका परीक्षा घेत नव्हते, घडवत होते. कच्चे म्हणजे फुटके नव्हे. कच्चे मडके बिघडले तर भिजवून पुन्हा माती करता येते. भाजल्यावर तडा गेला तर त्याचे खापरच होते. नामदेवांना आवा मिळायचा राहिला होता, तो विसोबांनी दिला.

शिंपी, माळी, सोनार, न्हावी अशा नाना धंद्यांची माणसे त्या मेळ्यात होती, आणि त्यांतल्या एका कुंभाराचा शब्द ज्ञानियांच्या बैठकीत मानला जात होता. आज काय आहे? आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ साली ग्रामोदय संघ काढून ग्रामीण कुंभारकामाला शिक्षणाची आणि नव्या तंत्राची जोड दिली. खादी आयोगाने विजेची चाके वाटली. २०२३ साली केंद्राची विश्वकर्मा योजना आली. तिच्यातल्या अठरा व्यवसायांत कुंभार आहे, अवजारांसाठी पंधरा हजार रुपये आहेत, आधी एक लाख आणि मग दोन लाखांचे कर्ज आहे. हे सगळे चांगले आहे. पण मामाजींचा प्रश्न वेगळा आहे. तलावातली माती आणायला पूर्वी कोणी अडवत नसे, आता दहा ठिकाणी विचारावे लागते. आणि माठ घेणारा गिऱ्हाईक शीतपेटीचे पाणी पितो. चाक विजेवर फिरेल, पण माती आणि गिऱ्हाईक?

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी पहिल्यांदा चाकावर बसलो. चार गोळे वाया गेले. पाचव्याचे एक वाकडे बोळके उभे राहिले. आबाजींनी ते उचलून पाहिले, वाजवले मात्र नाही, आणि पुढच्या आव्यासाठी वाळत ठेवलेल्या पणत्यांच्या रांगेत कडेला ठेवून दिले. वसतिगृहात परतल्यावर खोलीतल्या मित्रांना मी ही हकीकत सांगितली. त्यांतल्या दोघांना आता माठ हवे आहेत. भाव काय, ते आबाजींना विचारून सांगायचे कबूल केले आहे.